माझ्या नवऱ्याला सुधारून गेलेले वाचक

माझ्या नवऱ्याला माझ्याशी सभ्यपणे वागायला ज्यांनी शिकवलं, त्या लोकांना मी माफ करणार नाही. हसायचं असेल त्यांनी हसावं. माझ्या मैत्रिणीही हसल्या. एक तर म्हणाली, "आमच्या घरीबी पाठव न त्याईले."  तोंड उघडलं असतं तर मैत्री राहिली नसती.

तेलंगणात, आदिलाबादजवळ जैनथच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. नवरा बोलका, इतका की गिऱ्हाईक साबण घेऊन रस्त्याला लागलं तरी याचं वाक्य संपलेलं नसायचं. शाळेतल्या मास्तरांशी तेलुगू, माल घेऊन येणाऱ्या एजंटाशी हिंदी, शेतकऱ्यांशी आपली मराठी, आणि पडद्यातून माझ्यावर तिन्ही भाषांत ओरडा. "अवं, गुळाची भेली कुठं ठेवली?" "तुमच्या डोळ्यापुढं हाये." "डोळ्यापुढं असती तर तुले इचारलं असतं का?" असं दिवसभर. गिऱ्हाइकंही त्यात बाजू घ्यायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांशी कधी जपून बोललो नाही आणि तशी गरजही वाटली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेलं ते हेच.

मी मराठी शाळेत शिकले. शाळा सुटली आणि मराठी वाचणंही जवळजवळ सुटलं. ऑफिसचे कागद तेलुगू, पाट्या तेलुगू, मुलीची पुस्तकं तेलुगू नाहीतर इंग्रजी. पैनगंगेपलीकडून येणाऱ्या रद्दीत मराठी पेपर असायचे. त्यात शेंगदाणे बांधायच्या आधी मी ते वाचून काढायची, अर्धी बातमी एका पुडीत आणि अर्धी दुसरीत गेलेली असली तरी. मग मुलीनं माझ्या फोनवर कथांचं एक ॲप टाकून दिलं आणि त्यावरच्या मंडळींच्या कट्ट्यावर मी जाऊन बसले. कुणीही कथा लिहावी, भागाभागानं टाकावी, खाली वाचकांनी मत द्यावं, असा तो प्रकार. नर्सबाई होत्या, मास्तरीणबाई होत्या, रिटायर झालेले कारकून होते, माझ्यासारख्या घरच्या बायका तर पुष्कळ. भाग टाकला की कुणीतरी "पहिली मी!" म्हणून धावत यायची. मग "पुढचा भाग कधी?" सुरू. कुठे थांबलं म्हणजे वाचक तळमळतो ते मला पटकन कळलं. मी चांगली लिहीत होते. हे दुसऱ्या कुणी म्हणायची वाट आता मी बघत नाही.

'मुका गल्ला' ही कथा मला सुचली ती एका दुपारी. नवरा माल आणायला आदिलाबादला गेला होता, दुकानात कुणी नव्हतं. इलेक्ट्रिक काटा येऊन किती दिवस झाले, पण जुनी लोखंडी वजनं आमच्या गल्ल्यावर अजून ठेवलेली आहेत. पुसायला म्हणून एक उचललं, खाली ठेवलं, आणि लाकडावर खट्ट आवाज आला. त्या आवाजातून एक माणूस उभा राहिला. दुकानदार. बायकोशी कित्येक वर्षांत एक शब्द न बोललेला. वजन एकदा आपटलं की पाणी, दोनदा आपटलं की चहा, तीनदा आपटलं की जेवण. मारत नाही, शिव्या देत नाही, नुसता आपटतो. आणि ती पडद्यामागून निमूट आणून देते. मग एक दिवस तो आपटतो, आणि पडदा हलत नाही.

हे सुचलं तेव्हा मी एकटीच दुकानात मोठ्यानं हसले. आनंदानं. असा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता, गावात नाही, नात्यात नाही. तो मी बनवला होता. लोखंडाच्या एका तुकड्यापासून अख्खा माणूस! स्वयंपाक सगळ्याच बायका करतात, पण हे सगळ्यांना येत नाही.

वाचक वेडे झाले. कट्ट्यावर कुणाला पुढचा भाग हवा असला तरी लोक "खट्ट" लिहू लागले. मला कोण अभिमान वाटला.

कट्ट्यावर रविवारी एक पद्धत होती. लिहिणाऱ्यानं आपल्या लिहायच्या जागेचा फोटो टाकायचा. कुणाची खिडकी आणि कपबशी, कुणाचं टेबल आणि फुलदाणी. माझी पाळी आली तेव्हा मी गल्ल्याचा फोटो टाकला, कारण मी तिथेच बसून लिहीत होते. त्यात वजनं होती, पडदा होता, मागे दुकानाची पाटी आणि पाटीवर दुकानाचा फोन नंबर होता. दुकानाचा फोटो म्हटल्यावर पाटी येणारच.

पहिली प्रतिक्रिया आली, "वजनं!!!" दुसरी, "आणि पडदासुद्धा." तिसरी, "म्हणजे हे सगळं खरं आहे." संध्याकाळपर्यंत तुटकी हृदयं आणि जोडलेले हात यांची रांग लागली. "ताई, तू एकटी नाहीस." "बोलून मोकळी हो." मी लिहिलं की कथा काल्पनिक आहे, माझा नवरा बोलून बोलून माझं डोकं उठवतो. त्यावर उत्तर आलं, "हसून दुःख लपवते आहेस ना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हटलं तर झालंच. नाही म्हटलं तर बिचारी किती सोसते. रागावले तर जखम खोल आहे. माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द त्यांच्याच पदरात पडत होता.

आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ रहस्यकथा लिहायचे. विहिरीत मुडदा, पेटीत मुडदा, उसात मुडदा. त्यांनीही रविवारी आपल्या लिहायच्या जागेचा फोटो टाकला होता आणि त्यात मागे चक्क विहीर होती. कुणी पोलीस पाठवले नाहीत. सगळे म्हणाले, "काय कल्पनाशक्ती आहे सर तुमची!" पुरुष लिहितो तेव्हा तो रचतो. बाईला कुठून सुचणार? तिनं भोगलेलंच असणार. माझ्या कथेवर प्रेम करणाऱ्यांनीच ती कथा मी रचली नाही असं ठरवून टाकलं, आणि वर त्याला माया म्हणाले.

मग दुकानात फोन येऊ लागले. नवरा उचलायचा, पलीकडून बाईचा आवाज यायचा, "बायकोशी बोलता ना हो आज?" आणि फोन बंद. त्याला वाटलं कुण्या कंपनीची स्कीम आहे. दोन दिवस तो गिऱ्हाइकांना तेच हसून सांगत होता.

आणि त्या आल्या. पांढरकवड्याहून गाडी करून कट्ट्यावरच्या तिघी. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. नवरा एका म्हाताऱ्याला तुरीची डाळ मोजून देत होता. त्यानं स्टूल पुसून दिलं, सोडा मागवला. त्यांच्यातल्या पुढारी ताई सोड्याला हात न लावता म्हणाल्या, "दादा, आम्ही तुमच्या बायकोच्या बहिणी म्हणून आलो आहोत. बाई म्हणजे काही जनावर नाही, आवाज करून बोलवायला."

नवरा हातातली डाळ तशीच धरून म्हणाला, "ताई, मी काय केलं?"

"तेच तर. काय केलं हेसुद्धा तुम्हाला कळत नाही."

मी पडद्यातून बाहेर आले. तिघींनी मला मिठीत घेतलं. एकीनं साडीचोळीची पिशवी हातात दिली. मी म्हणाले, "अहो, मी रचलं ते. तुमच्या पाया पडते, खोटं आहे ते सगळं." पुढारी ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हो गं बाई, असंच म्हणावं लागतं."

त्या क्षणी गल्ल्यावरचं वजन उचलून फेकावं असं वाटलं. फेकलं नाही. पाहुण्या होत्या, आणि फेकलं असतं तर त्याचाही अर्थ त्यांनीच लावला असता. दारात मास्तर उभे होते, ते "एमैंदि, एमैंदि?" करत काय झालं म्हणून सगळ्यांना विचारत होते, आणि कुणीतरी त्यांना तेलुगूत समजावून सांगत होतं की शेठ बायकोला त्रास देतो, म्हणून महाराष्ट्रातून माणसं आली आहेत. म्हाताऱ्यानं डाळ घेतली नाही, तसाच गेला.

त्यांनी जाताना माझ्याबरोबर फोटो काढला. कट्ट्यावर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या लेखणीनं आज एक घर सावरलं." टाळ्यांचा पाऊस. मी लिहिलं, तुम्ही माझं घर मोडता आहात. कुणीतरी उत्तर दिलं, "ती दबावाखाली लिहिते आहे, समजून घ्या." मी कथा पुसली, कट्टा सोडला, साडी भांडेवालीला देऊन टाकली. एक शब्द लिहायची वासना राहिली नाही, आणि त्याचंही खापर त्यांनी माझ्या नवऱ्यावरच फोडलं असणार.

पण कथा पुसण्याआधी त्यानं ती वाचली होती. मुलीच्या फोनवर, दुपारी गल्ल्यावर बसून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी पडद्यामागून बघत होते. वाचून झाल्यावर तो आत आला आणि विचारलं, "असा वाटतो का मी तुले?"

"नाई हो. काऊन असं इचारता? तुमी अन् मुके? उलटं हाये समदं."

"मंग तुले असं सुचलं कुठून?"

नवऱ्यानंही तेच विचारलं. मी वजनाचं सांगितलं, खट्ट आवाजाचं सांगितलं, हसले होते तेही सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. "तू म्हणते तर तसंच असंन," म्हणाला आणि बाहेर गेला.

तेव्हापासून तो ओरडत नाही. गूळ सापडला नाही तर स्वतः शोधतो, नाहीच सापडला तर गिऱ्हाइकाला नाही म्हणतो. चहा हवा असेल तर पडदा बाजूला करून विचारतो, "तुले वेळ असंन तर." मी मुद्दाम उलट बोलते, तो मान हलवतो. गिऱ्हाइकांशीही मोजकंच. गावातल्या बायका म्हणतात, शेठ किती सुधारला, तुझं नशीब उघडलं. ज्या माणसाला मी कथेत बनवलं होतं, तोच आता माझ्या घरात येऊन बसला आहे, आणि तो मी आणलेला नाही. माझा भांडखोर, बडबड्या नवरा होता तो गेला, आणि त्याबद्दल लोक माझं अभिनंदन करतात.

परवा माझा संयम सुटला. अंबाडीच्या भाजीत मी मुद्दाम मूठभर मीठ घातलं. भाकरी वाढली, समोर बसले. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, गिळला. दुसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिला.

"कशी झाली भाजी?" मी विचारलं.

"चांगली झाली."

मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "खारट हाये ती! जहर हाये! बोला न मले काही, ओरडा न माह्यावर!"

त्यानं आधी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हळू बोल," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक हाये. त्याईले वाटंन मी तुले तरास देऊन राह्यलो."