डग्ग्याचा हात

मशीन घरी आली तेव्हा माझा डावा हात पाच महिन्यांपासून नुसता माझ्याबरोबर होता. हलत होता, पेला धरत होता, शर्टाची बटणंही सावकाश लावत होता. पण त्याला कळत काही नव्हतं. थंड, गरम, खरखरीत, मऊ, सगळं एकच.

हे सुरू झालं बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात. उजव्या हाताने मी मेथीची जुडी उलटून बघत होतो, डाव्यात पिशवी होती. ती पडली, आणि पडल्याचं मला कळलं ते टोमॅटो पायाशी घरंगळत आले तेव्हा. भाजीवाली म्हणाली, "बाबूजी, बैठ जाइए थोड़ा." मी बसलो नाही. वेचायला वाकलो तर बोटं टोमॅटोपर्यंत पोचायच्या आधीच मिटली. तिनेच पिशवी भरून उजव्या हातात दिली आणि मी चालत घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि अनवाणीच शेजाऱ्यांकडे गाडीसाठी धावली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं म्हणे. मला ते कळलं नव्हतं.

हॉस्पिटलात आठ दिवस काढले. तोंड सरळ झालं, तिथे गेल्यावर लुळा पडलेला पाय परत आला, हात अर्धा आला. डॉक्टर म्हणाले, हालचाल येईल, संवेदनेचं आत्ताच सांगता येणार नाही. मी "बरं" म्हणालो. त्यांना वाटलं, मला नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा हिंदीत सांगितलं. मी पुन्हा "अच्छा" म्हणालो.

मी तबला वाजवायचो. पोटापाण्यासाठी नव्हे. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि मीही पुढे तशाच एका कचेरीत फायली हलवल्या. पण शाळेत असल्यापासून जुन्या शहरातल्या एका उस्तादांकडे शिकत होतो. उजव्या हाताखाली तबला आणि डाव्याखाली डग्गा. तबल्यावर बोटं नेमकी पडली की काम होतं. डग्ग्याचं तसं नसतं. तिथे तळव्याची कड कातड्यावर दाबून सरकवावी लागते, तेव्हा तो घुमतो. किती दाबायचं हे डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळावं लागतं. त्या घुमवण्याला गमक म्हणतात; माझी बरी होती. उस्ताद स्तुती करत नसत, पण माझा डग्गा लागला की ते पान चघळायचं थांबवत.

बायको माहेरची ग्वाल्हेरची. गाते. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं, संध्याकाळच्या चहानंतर ती गायची आणि मी ठेका धरायचो. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ दरवर्षी आमची असे.

आजारानंतर लोक भेटायला आले. तबल्याच्या जोडीकडे बघून काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळाचे अध्यक्ष तर इतके रडले की बायकोने त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. मी त्यांना धीर दिला. मनात मात्र काही हलत नव्हतं. फिजिओथेरपीला येणारा भला माणूस होता, तो म्हणायचा, "अंकल, गुस्सा आए तो निकाल दीजिए, अच्छा रहता है." राग आला असता तर काढलाही असता.

मशीन मुलीने पाठवली. ती बंगळुरूला असते. पार्सल उघडल्यावर तिने फोनवर तोंड दाखवलं.

"बाबा, ही ड्रम मशीन आहे. कॉम्प्युटर लागत नाही, काही लागत नाही. एका बोटाने होतं सगळं."

"हिचं करू काय?"

"वाजवा. किंवा नका वाजवू. ती सोळा बटणं आहेत ना खाली, ती एका आवर्तनासारखी समजा."

आमच्या मिसळणाच्या डब्याएवढी काळी पेटी होती. वर गोल खुंट्या, खाली सोळा बटणांची ओळ. मशीन चालू केली की एक दिवा पहिल्या बटणापासून सोळाव्यापर्यंत पळायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचा. जे बटण आधी दाबून ठेवलं असेल तिथे दिवा आला की आवाज वाजायचा. सोळा बटणं म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे त्रिताल. हे समजायला मला पुस्तिका लागली नाही. पहिल्याच दुपारी मी विलायती ढोलांच्या आवाजात त्रितालाचा ठेका बसवला.

बायको स्वयंपाकघरातून आली. "मी म्हटलं मिक्सर बिघडला."

"त्रिताल आहे."

ती दाराला टेकून दोन आवर्तनं ऐकत राहिली. "आहे खरा," म्हणाली आणि परत गेली.

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर मी मशीनसमोर बसू लागलो. आवडायचं असं नाही. वेळ जायचा. सात मात्रांवर दिवा परत फिरवला की रूपक, दहावर झपताल, बारावर एकताल. आठवडाभरात गती कमी-जास्त करणं, एखादा आवाज दबका करणं जमू लागलं. मग बायको एका संध्याकाळी तंबोऱ्याचं ॲप लावून बसली आणि म्हणाली, "लावा तुमचा एकताल. बघू."

ती गायला लागली. चांगली गात होती. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला ती समेच्या आधी एका स्वरावर रेंगाळली, नेहमीसारखी. दिवा समेवर पोचला, वाजला आणि पुढे निघून गेला. तिने गाणं सोडलं.

"ही थांबत नाही," ती म्हणाली.

"थांबणार कशी? मशीन आहे."

"तुम्ही थांबायचात."

"मीही थांबत नव्हतो. थांबलो असतो तर ताल गेला असता. तुझ्या मागे थोडा रेलायचो, इतकंच."

"मग तेच," ती म्हणाली आणि तंबोरा बंद केला.

गणपतींना दीड महिना राहिला तेव्हा तिने मला विचारलं नाही, सांगितलं. मिसरोदला राहणारी एक बाई आहे, बँकेत नोकरी करते, तबला वाजवते. रविवारी सरावाला येईल. माझी हरकत नव्हती. बाई पस्तिशीची, कमी बोलणारी, मूळची इंदूरची. स्कूटर लावून, हेल्मेट काढत वर आली. स्कूटरवर जोडी आणणं अवघड म्हणून तिने संकोचत विचारलं, "काका, तुमचीच जोडी घेऊ का?"

खोळ मीच काढली. उजव्या हाताने हातोडी धरून तबला सुरात लावून दिला. डग्ग्याची चुंबळ तिने सरकवली, दोनदा थाप मारली आणि बायकोकडे बघून मान हलवली.

मी बाजूच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या डग्ग्यावर दुसऱ्याचा हात होता. या क्षणाला काहीतरी व्हायला हवं, असं मला वाटलं आणि मी वाट बघितली. ती चांगलं वाजवत होती. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी पडत होती. मला तहान लागली, पाणी प्यायला उठलो.

ती गेल्यावर बायको ओट्याशी उभी राहून म्हणाली, "वाईट वाटलं का तुम्हाला?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही."

तिने गॅस बंद केला. "मला वाटलं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाटत नाही याचं जास्त वाटतं. एकटीनेच सगळं वाटून घ्यायचं म्हणजे काय?"

मी ताटं घेतली.

पुढच्या आठवड्यात मुलीने फोनवर दाखवलं की मशीनमध्ये बाहेरचा आवाजही भरता येतो. लहानसा माइक लावायचा, आवाज करायचा, तो एका बटणावर जाऊन बसतो. मी उजव्या हाताने तबल्याचे बोल भरले: ना वाजवला, ता, तिं, ते वाजवला. सगळे आले. स्वच्छ आले. पण धा हवा तर उजव्याचा ना आणि डाव्याचा गे एकदम लागतात. गे माझ्याकडे नव्हता. डावा हात डग्ग्यावर आपटला तर पाट आपटल्यासारखा आवाज आला. दोन दिवस प्रयत्न केले. तळव्याची कड टेकली आहे की नाही हे बघून ठरवावं लागायचं, आणि बघेपर्यंत बोटं पडून गेलेली असायची.

रविवारी सराव संपल्यावर मी त्या बाईंना विचारलं. "एक गे देता का? मशीनसाठी."

त्या परत बसल्या. "कसा हवा काका?"

"थोडा आत ओढलेला."

त्यांनी वाजवला. मी म्हटलं, इतका नाही. पुन्हा वाजवला. मी उजवं मनगट हवेत सरकवून दाखवत होतो, पण उजव्या हाताला ते कधी येतच नव्हतं, त्यामुळे मी चुकीचं दाखवत होतो. बायको तिथेच उभी होती. ती अचानक म्हणाली, "सुरुवातीला दाबून नाही. वाजल्यानंतर, मागाहून. जसं कोणी हाक मारल्यावर उशिरा ओ देतं तसं." आणि तिने तो घुमारा गळ्यातून काढून दाखवला.

एकतीस वर्षं ती माझ्याकडे पाठ करून, तोंड पुढे करून गायची. मला वाटायचं तिला फक्त सम ऐकू येते.

बाईंनी मान डोलावली आणि विसेक वेळा वाजवला. बायको डोळे मिटून ऐकत होती. "हा," ती एकदाच म्हणाली. मशीनमध्ये तोच ठेवला. माझ्या कानाला तो माझा वाटला नाही, पण मी वादही घातला नाही. तिने जास्त ऐकला होता.

कार्यक्रम झाला. मी तिसऱ्या रांगेत अध्यक्षांच्या शेजारी बसलो. बायको निळी साडी नेसली होती. शेवटच्या अभंगात ती समेच्या आधी रेंगाळली आणि बाई किंचित मागे रेलल्या. बरोबर तितक्याच. ताल कुठेही सुटला नाही. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवायला हात उचलले तर डावा येईना. खाली बघितलं तर अध्यक्षांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता. किती वेळ धरला होता कोण जाणे. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी त्यांना म्हटलं, "छान झालं ना?" ते म्हणाले, "तुमची कमी भासली हो." मला ती भासली नव्हती, पण तसं म्हणता आलं नाही.

दसऱ्यानंतर मी तबल्याची जोडी बाईंना दिली. न्यायला त्या यजमानांना घेऊन गाडीतून आल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला. बायको दाराशी आली नाही. गाडी वळल्यावर मी आत आलो तर बायको जोडीची जागा ओल्या फडक्याने पुसत होती. नंतर तिथे काही ठेवलं नाही.

मशीनवर मी बसत राहिलो. आता त्यात उजवा हात माझा होता आणि डावा बाईंचा. कोणत्याही हाताने वाजवता येणार नाही असं काहीबाही मी बसवू लागलो. तेरा मात्रांचं एक, अकराचं एक. एकाच मात्रेत पाच गे. एकदा खालीच्या, म्हणजे टाळी न देण्याच्या, जागी काहीच न ठेवता तीन मात्रा कोऱ्या सोडल्या. त्यांना नावं दिली नाहीत, मशीन देते ते आकडे राहू दिले.

दिवाळीला मुलगी आली. फराळ झाल्यावर दुपारी मशीनजवळ बसली आणि हेडफोन कानाला लावून एकेक काढून ऐकू लागली. मला ऐकू येत नव्हतं. तिची मान तेवढी दिसत होती. मान हलायची, चुकायची, थांबायची, पुन्हा पकडायची. तेरावाल्याला तिला हसू फुटलं. कोऱ्या जागेवाल्याला ती हसली नाही. ते तिने तीनदा ऐकलं. मग हेडफोन गळ्यात घेतले.

"बाबा, हे कुणासाठी केलंत?"

"कुणासाठी नाही."

"आईने ऐकलंय?"

"तिने विचारलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि मी नेहमीप्रमाणे धीर देण्याच्या तयारीत होतो. पण ती रडली नाही. "अहो, चांगलं आहे हे," ती जरा चिडून म्हणाली. "काहीतरी भयंकर आहे आणि चांगलं आहे."

मग तिने हेडफोनची वायर काढली आणि हाक मारली, "आई, जरा ये बाहेर."

बायको पदराला हात पुसत आली आणि वेताच्या मोढ्यावर बसली. मुलगी म्हणाली, "ते कोऱ्या मात्रांचं लावा बाबा." मी बटण दाबलं.