स्वखुशीचा अर्ज

मखमलाबादच्या शिवारात कोथिंबिरीची जुडी सुवर्णाइतकी झटपट कुणी बांधत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तोंडाने फटकळ, हाताने चपळ आणि दहावी झाल्याचा थोडा तोरा. पोरीचा अभ्यासही ती जुड्या बांधता बांधताच घ्यायची. उलट्या क्रेटवर पुस्तक उघडं, दोन्ही हात चिखलाने माखलेले. मान तिरकी करून सुवर्णा एक ओळ वाचायची आणि समोर बसलेली दिशा ती म्हणायची. पान संपलं की सुवर्णा थांबायची, दिशा पान उलटायची. संध्याकाळच्या लिलावाचा माल तयार होईपर्यंत धडा तोंडपाठ. मळ्यात आलेल्या पाहुण्याला तो ऐकवल्याशिवाय सुवर्णा चहा देत नसे.

म्हणून शनिवारी शाळेत बोलावून मोठ्या मॅडम म्हणाल्या, "दिशाचं आमच्याकडे काही जमणार नाही, दाखला काढून न्या," तेव्हा सुवर्णाला आधी हसूच आलं.

"मॅडम, दुसऱ्या कुणाची तरी पोर असंल. आमच्या दिशाला सगळे धडे पाठ हायेत."

नवरा, भारत, शेजारच्या खुर्चीच्या टोकावर बसला होता. लिलावात दोन-दोन व्यापाऱ्यांशी एकटा भांडणारा हा गडी, पण ऑफिसात शिरला की त्याची दातखीळ बसायची. त्याने बायकोला हळूच कोपर मारलं.

मॅडमनी पाचवीच्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या. वर नाव होतं, ते कसंबसं गिरवलेलं. खाली सगळं कोरं. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या दिशाला आत घेतलं आणि मराठीच्या पुस्तकाचं एक पान उघडून तिच्या हातात दिलं. त्या पानावर चित्र नव्हतं.

"वाच."

दिशाने आईकडे पाहिलं. सुवर्णाने मान डोलावली. पोरीने ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाली. कुठे अडखळली नाही, जिथे प्रश्न होता तिथे आवाज चढवला, जिथे दम घ्यायचा तिथे घेतला. सुवर्णा खुर्चीत ताठ झाली. आता बोला, असं मॅडमना डोळ्यांनीच सांगून तिने सहज पुस्तकात डोकावलं.

दिशा विहिरीचा धडा म्हणत होती. पुस्तकात उघडा होता तो टपालवाल्याचा धडा.

बोट मात्र ओळीवरून नीट सरकत होतं. आणि मळ्यात सुवर्णा जिथे थांबायची, नेमकी तिथेच दिशा थांबली आणि तिने पान उलटलं.

सुवर्णाला सगळं उमगलं. पाच वर्षं. पाच वर्षं ही पोर तिच्या पुढ्यात बसून तिचाच आवाज तिला परत देत होती, आणि ती पाहुण्यांसमोर मिरवत होती. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तूच घेत होतीस ना अभ्यास?" भारत दबक्या आवाजात म्हणाला. त्याने दिशाचा दंड असा धरला की पोर कळवळली. "मॅडम, सही कुठं करायची ते सांगा."

"नुसती सही नको. आईंनी अर्ज लिहून द्यावा. लिहा, 'घरगुती अडचणीमुळे आम्ही स्वखुशीने पाल्याचा दाखला काढून घेत आहोत.'"

शाळेचे कारकून गोटीराम कागद घेऊन आले. ते मखमलाबादचेच, भारतच्या भावकीतले. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या बोलत बाहेर गेल्या.

गोटीरामांनी कागद ठेवला, पण वरचं बोट उचललं नाही. "वहिनी, लिहून दिलं की विषय संपला. नाय दिलं, तर आठवीपर्यंत कुणाला पोर काढता येत नाय. मी काय बोललो नाय." आणि ते फायलींच्या कपाटाकडे वळले.

सुवर्णाने 'घरगुती अडचणीमुळे' इतकं लिहिलं आणि पेन थांबलं.

"लिही ना!" भारत चिडला. "अजून किती लाज काढायची? मळ्यात येईल माझ्या हाताखाली."

दिशा आईजवळ सरकली. "मम्मी, दुसरा धडा म्हणू का? मला तो पण येतो."

सुवर्णाने लिहिलेल्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. मॅडम परत आल्या तेव्हा कागद त्यांच्या खुर्चीपुढे सरकवलेला होता.

"हे काय?"

"घरात अडचण नाय मॅडम, आणि आमची खुशी पण नाय." सुवर्णा खुर्चीतून उठली. "पोरीला वाचता येत नाय, हे मला आज कळलं. माझे हात जुड्यांत गुंतले होते. ती पाच वर्षं तुमच्या बाकावर बसली. तुमचे हात कशात गुंतले होते?"

कपाटापाशी फायलींचा आवाज थांबला. मॅडमचा चेहरा लाल झाला. कागद बाजूला सारून त्या म्हणाल्या, "सोमवारी पाठवा. पुढे नापास झाली तर माझ्याकडे यायचं नाही."

"येणार," सुवर्णा म्हणाली.

तिघं मोटारसायकलवरून घरी आली. मळ्यात कापलेल्या कोथिंबिरीचा ढीग पडला होता. सुवर्णा ढिगाकडे गेली नाही. तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि रोजच्यासारखी समोर न बसता दिशाच्या शेजारी बसली. पुस्तक मांडीवर घेऊन तिने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

दिशा घडाघडा धडा म्हणू लागली.

"नको. एवढंच. हे काय हाय?"

दिशा गप्प झाली. अक्षराकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईचं तोंड बंद होतं.

"मला नाय येत."

"मला म्हायती," सुवर्णाने तिला जवळ ओढलं. "इतकी वर्षं मीच विचारलं नाय गं."

भारत बांधावर उभा राहून हे बघत होता. थोड्या वेळाने तो ढिगापाशी जाऊन बसला आणि जुड्या बांधू लागला. सैल होत होत्या. त्याने एक सोडून पुन्हा बांधली. मग मान वर न करता विचारलं, "मेथी पण मीच बांधू का?"