लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

सकाळी धुकं इतकं होतं की समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटीसुद्धा पुसून गेली होती. पायलटनं शटर वर ढकललं आणि रोजच्यासारखा आधी आरसा पुसायला घेतला. कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. डाव्या कोपऱ्यातला एक पांढुरका डाग काही केल्या जाईना. त्यानं तोंडाची वाफ मारून घासलं, नखानं खरवडलं. मग मान जरा उजवीकडे झुकवली, तर डागही उजवीकडे सरकला.

त्याचा हात तिथंच थांबला. आरसा स्वच्छ होता.

पायलट हे काही त्याचं नाव नव्हे. धंदा केस-दाढीचा, वय चोपन्न, विमानात जन्मात बसलेला नाही. पण दुकान बंद केल्यावर बसडेपोच्या मागच्या मोकळ्या मैदानात तो रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर उडवायचा. हातभर लांबीचं, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं. एक गिऱ्हाईक गाव सोडून जाताना मोडका डबा म्हणून देऊन गेलं होतं. यानं वर्षभर खपून ते जुळवलं. लोक हसायचे. दाढी चालू असताना विचारायचे, पायलट, लँडिंग नीट होईल ना? तोही हसायचा. दिवसभर लोकांच्या हनुवटीखाली बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी तेवढंच एकदा वर बघायला मिळायचं.

पहिलं गिऱ्हाईक नेहमीचंच. हेडमास्तर, रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेले. गळ्याची कातडी धुऊन वाळत टाकलेल्या मोज्यासारखी लोंबलेली. दर एक दिवसाआड दाढी, आणि तीही वस्तऱ्यानंच. मशीन त्यांना चालायचं नाही. त्यांनी मान मागं टाकली, डोळे मिटले आणि वर्तमानपत्रातलं काहीतरी सांगू लागले.

पायलटनं फेस लावला. गाल झाले. गळ्याशी आला तसा त्याचा श्वास आपोआप रोखला गेला. कंठाची गाठ बोलण्याबरोबर वर-खाली होत होती आणि तिच्या डाव्या बाजूला सगळं दुधात बुडाल्यासारखं. कातडी कुठं संपते आणि फेस कुठं सुरू होतो ते कळेना. तीस वर्षं हात डोळ्यांच्या मागं चालला होता, आता डोळ्यांच्या पुढं चालत होता. त्यानं बोटांनी कातडी ताणली, चाचपली, अंदाजानं एक पट्टा ओढला. रक्त आलं नाही. दुसरा ओढला. त्यावेळीही आलं नाही. टॉवेल देताना त्याच्या लक्षात आलं, आपला शर्ट पाठीला चिकटलाय. बाहेर एवढी थंडी असून.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याचा बाप, अण्णा, हाही याच खुर्चीमागं उभा राहिलेला. बापाला काचबिंदू झाला. कुणाला न बोलता त्यानं तीन वर्षं तशीच कात्री चालवली, आणि एके दिवशी एका माणसाच्या कानाची पाळी कात्रीत आली. त्यानंतर म्हातारा दाराजवळच्या स्टुलावर बसला तो मरेपर्यंत उठला नाही. येणाऱ्याच्या खोकण्यावरून माणूस ओळखायचा. ओळखला की खूश व्हायचा. ते खूश होणंच पायलटला बघवायचं नाही. स्टूल अजून दाराजवळ होतं. त्यावर आता टॉवेलांची बादली असायची.

मागच्या आठवड्यात मैदानात एक गोष्ट झाली होती. हेलिकॉप्टर वर असताना त्याला एकाएकी समजेना, ते येतंय की जातंय. बघणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण या खेळात सगळं त्यावरच असतं. शेपूट आपल्याकडे असताना रिमोटची दांडी पुढं ढकलली की ते लांब जातं, मागं ओढली की जवळ येतं. तोंड आपल्याकडे झालं की सगळं उलटं. पुढं ढकलाल तर अंगावर येणार. त्या संध्याकाळी त्यानं अंदाजानं ओढलं आणि हेलिकॉप्टर डेपोच्या भिंतीवर आपटलं. पातं मोडलं. घरी येताना त्यानं स्वतःला पटवलं की दोष कातरवेळेचा आहे. त्या उजेडात कुणालाही दिसलं नसतं. दिवे लावले की झालं.

शेजारच्या गाळ्यातल्या रेडिओवाल्याला ही कल्पना फार आवडली. दुपारी दोघांच्याही दुकानात माशा मारायची वेळ. त्यानं मसुराच्या दाण्याएवढे दोन दिवे काढून दिले, एक लाल, एक हिरवा, केसासारख्या तारा आधीच जोडलेल्या. खऱ्या विमानाला असतात तसेच, म्हणाला. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. लाल तुझ्या डाव्या हाताला दिसला तर शेपूट तुझ्याकडे. लाल उजव्या हाताला दिसला तर समज, साहेब तोंड वळवून तुझ्याकडेच बघतायत. तार फिरत्या दांड्यापासून लांब बांध, नाहीतर गुंडाळून घेईल. शेपटीलाही एक पांढरा लाव, असंही त्यानं सुचवलं. पायलटनं नको म्हटलं, शेपटीला राईभर ओझं चालत नाही. मग रेडिओवाल्यानं विचारलं, एवढी वर्षं बिनदिव्याचं उडवलंस, आताच काय झालं?

हौस, पायलट म्हणाला.

तारांना कथलाचा डाग देऊन जोडून देतो म्हणाला, तेही त्यानं घेतलं नाही. स्वतःच्या हातानं जमतंय का, हेच तर बघायचं होतं.

दुकानात येऊन त्यानं आरशासमोरच्या फळीवर हेलिकॉप्टर ठेवलं, तोंड स्वतःकडे करून. गिऱ्हाइकाचं तोंड असतं तसं. डावा डोळा मिटून घेतला की जरा बरं दिसायचं. कथलाचे दोन बारीक डाग द्यायला पाऊण तास लागला. एकदा चटका बसला, एकदा हिरवा दिवा फरशीवर पडला आणि तो गुडघ्यांवर बसून केसांच्या ढिगात चाचपत राहिला. बापही असाच चाचपायचा, कंगवा पडला की.  दिवा सापडला. खालच्या दोन पायांवर दोन दिवे चिकटवले. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, पुटपुटत. तारा दोऱ्यानं करकचून बांधल्या, बॅटरीला जोडल्या. दोन्ही लागले. लहान मुलासारखा आनंद झाला त्याला, आणि सहा वाजायची वाट बघत त्यानं उरलेलं दुपारचं गिऱ्हाईक उरकलं. नशिबानं त्यात दाढी कुणाचीच नव्हती.

मैदानात अजून बऱ्यापैकी उजेड होता. शेपूट स्वतःकडे करून त्यानं हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवलं, पंधरा पावलं मागं आला आणि उचललं. एवढ्या उजेडात दिव्यांकडे बघायची गरजच पडली नाही. आकार दिसत होता. पात्यांचा फडफडाट ऐकून छातीवरचं ओझं हललं. मैदानाच्या त्या टोकापर्यंत त्यानं ते नेलं आणि तिथं तरंगत ठेवलं.

तेवढ्यात बायको आली. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. ड्युटी सुटली की सरळ घरी जायची, मैदानाकडे कधी फिरकली नव्हती. आज खांद्याला पिशवी अडकवून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. काय गं, इकडे कुठं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, सहज. नवरा-बायकोत सहज असं काही नसतं, हे त्यालाही माहीत होतं.

बोलण्याच्या नादात हिवाळ्याचा उजेड झपकन सरला. त्यानं वर बघितलं तेव्हा हेलिकॉप्टर दिसत नव्हतं, नुसते दोन ठिपके. हिरवा डाव्या हाताला, लाल उजव्या हाताला.

म्हणजे तोंड इकडे. कधी वळलं? आपला अंगठा सरकला असेल. बायको शेजारी उभी, तेव्हा आधी ते लांब घालवायला हवं. तोंड इकडे असेल तर मागं ओढायचं. त्यानं दांडी मागं ओढली.

ठिपके लांब जायच्या ऐवजी एकमेकांपासून दूर सरकू लागले. मोठे झाले. आवाज वाढला. त्याला वाटलं, डोळा फसवतोय. आजवर फक्त डाग होता, आता खोटं दाखवायला लागला. तो आणखी ओढत गेला. जेवढं ओढावं तेवढं ते वेगानं येत होतं, डोक्याच्या उंचीवर, सरळ. त्या पात्यांनी काय होतं ते त्याला ठाऊक होतं. मागं एकदा अख्खं टरबूज कापलं होतं त्यानं गंमत म्हणून.

बायको म्हणाली, "अहो, ते येतंय."

त्यानं तिला खांद्यानं बाजूला लोटलं आणि मोटर बंद करायचं बटण दाबलं. हेलिकॉप्टर आठ पावलांवर दगडासारखं पडलं. पाती मातीत आपटून फुटली आणि एक तुकडा सूं करून आला.  बायकोनं पिशवीत हात घातला. घडी केलेल्या तिच्या एप्रनमध्ये बोटभर पातं रुतलं होतं.

पायलट मटकन खाली बसला.  इतके दिवस दातांमागं दाबलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"मला दिसत नाही गं. अण्णांसारखंच झालंय."

ती पडलेल्या हेलिकॉप्टरपाशी गेली, ते उचलून सरळ केलं आणि शेपूट त्याच्याकडे करून जवळ आणून ठेवलं. दिवे अजून जळत होते. तिनं विचारलं, लाल कुठल्या हाताला हवा होता? तो म्हणाला, शेपूट इकडे असेल तर डाव्या. ती म्हणाली, मग हा उजव्या हाताला का आहे?

त्यानं वाकून बघितलं. खरंच उजव्या हाताला होता. मग सगळं उलगडलं. फळीवर हेलिकॉप्टर तोंड त्याच्याकडे करून ठेवलं होतं, आणि तीस वर्षं त्याच्यासमोरची तोंडं आरशातली. आरशातल्या तोंडाचा डावा कान डाव्या हातालाच असतो. कानाजवळचा कल्ला सारखा करताना तो कधी विचार करत नाही, हात आपोआप जातो. तसाच गेला. लाल दिवा आपल्या डाव्या हाताला चिकटवला आणि तो बसला हेलिकॉप्टरच्या उजव्या पायावर.

त्याला हसू फुटलं. पोट धरून हसला. डोळ्यांनी बरोबरच दाखवलं होतं, मूर्खपणा हातांचा होता. तो सांगत सुटला, बघ, डोळा शाबूत आहे, उद्या दिवे बदलतो, उगीच घाबरलो, रेडिओवाल्याला कळलं तर वर्षभर पुरेल त्याला.

बायको हसली नाही. मागं येऊन तिनं त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. तिच्या हाताला साबणाचा वास होता.

"आता सांगा. लाल कुठं आहे?"

समोर राखाडी दूध होतं. त्यात काहीतरी जास्त काळं, बस. तो बघत राहिला.  शेवटी आत्ताच बघितलेलं आठवून म्हणाला, "उजव्या हाताला. स्पष्ट दिसतोय."

तिनं तळहात काढला. हेलिकॉप्टर तिच्या पिशवीखाली होतं, दुसऱ्या हातानं तिनं ती कधी ठेवली ते त्याला दिसलंच नव्हतं. दोन्ही दिवे झाकलेले.

दोघं घराकडे निघाले. दोन महिने झाले, ती म्हणाली, तुम्ही चहा कपाच्या डावीकडे, बाहेर ओतता. हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिनं कालच नंबर लावून ठेवला होता, उद्या अकराचा. मोतीबिंदू असेल तर निघतो. आणि दुसरं असेल तर? त्यानं विचारलं. तर उद्या कळेल, ती म्हणाली, तीन वर्षांनी नाही. त्यानं तिचा दंड धरला होता. रस्ता ओळखीचा होता, धरायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुकं कालच्यापेक्षा पातळ. पायलटनं शटर उघडलं. आरसा पुसला, डागाकडे बघितलं आणि त्याला तसाच राहू दिला. वस्तरा कापडात गुंडाळून खणाच्या तळाशी ठेवला. दाराजवळच्या स्टुलाकडे त्याची नजर गेली. 

हेडमास्तर आले. आज त्यांचा दाढीचा दिवस नव्हता, केसांचा होता. पण खुर्चीत बसून त्यांनी सवयीनं मान मागं टाकली. पायलट खुर्चीमागं उभा राहिला, आरशात त्यांच्याकडे बघत.

"मास्तर, उद्यापासून दाढी दुसरीकडे करा. माझा डावा डोळा गेलाय."

हेडमास्तरांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "माहितेय. गप्पा मारत, हसत दाढी करायचास पूर्वी. हल्ली श्वास रोखून करतोस."

"मग येत का राहिलात?"

"दुसरीकडे जाऊन काय सांगू? पायलटला दिसत नाही म्हणून?" मग म्हणाले, "तसा मीही जीव मुठीत धरूनच बसायचो. वर्तमानपत्राचं बोलत असायचो ते त्यासाठीच. केस तरी काप. कान सांभाळ."

त्यानं त्यांचे कान एकेका बोटानं दाबून धरले आणि मशीननं हळूहळू केस कापले. डाव्या कानाशी दोनदा थांबला. त्याचे हात गार होते, म्हाताऱ्यानं तक्रार केली नाही. ते गेल्यावर घड्याळात बघितलं, दहा वाजायला आले होते. बायको साडेदहाला येणार होती.

फरशीवर पांढरे केस पसरले होते. त्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि उजव्या बाजूनं झाडायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यापाशी आल्यावर खाली बसला आणि तिथले केस हातानं चाचपून गोळा केले.