रोहिणीची सुरी आणि अण्णांचा ठसा

शाळेत किस्से रोज घडत; पण वर्गशिक्षिकेने वर्गात हसायचे नसते, म्हणून ते मनात साठत गेले. निवृत्त झाल्यावर वाटले, आता नवी भर पडणार नाही. तेवढ्यात आडगावात, माझ्या कुंपणाला लागूनच, रोहिणीने भट्टी पेटवली!

रोहिणी माझी विद्यार्थिनी. सिन्नरच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ती वडिलांच्या लोहारकामाकडे परतली. वडील दगडूअण्णा कोयते आणि विळे घडवतात. ही शिकारी सुऱ्या घडवते. दुपारचा चहा मी तिथेच घेते. खुर्ची माझी आणि नियमही माझा: ठिणग्या माझ्या साडीच्या दिशेने उडता कामा नयेत.

*

पहिल्याच आठवड्यात समोरच्या कुलकर्णीकाकू भिंतीवरून डोकावल्या.

"रोहिणी, शिकारीला तर बंदी आहे ना गं? मग या सुऱ्यांनी शिकार कोणाची करतात?"

रोहिणीने पात्यावरून नजरही काढली नाही. "गिऱ्हाइकाची, काकू!"

*

सुरीला पोलाद लागते ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे. महामार्ग शेजारीच, त्यामुळे अण्णांची नजर कायम चाकांच्या वर. एकदा एक ड्रायव्हर पत्ता विचारायला उतरला. अण्णा उत्तर द्यायचे सोडून थेट गाडीखाली वाकले आणि पाट्यावर बोटाने टिचकी मारून कान लावला.

"लय ग्वाड आवाज हाय," ते समाधानाने म्हणाले.

ड्रायव्हर घाईने केबिनमध्ये चढला. "अण्णा, गाडी अजून चालू आहे हो!"

*

तापलेले पाते नेमक्या क्षणी तेलात बुडवले, तरच ते कडक होते. त्याला हे लोक 'पाणी देणे' म्हणतात. तो क्षण अण्णा रंगावरून ओळखतात, त्यासाठी अंधार हवा, म्हणून भर मे महिन्यात खिडक्या बंद करतात. रोहिणी लोहचुंबक लावते. पाते चुंबकाला चिकटेनासे झाले, की वेळ झाली.

एके दिवशी दोघेही एकाच क्षणी ओरडले, "आता!"

"मी आधी म्हनलो."

"अण्णा, मी आधी! बाईंना विचारा."

मी निःपक्षपातीपणे सांगितले, की दोघेही एकदमच म्हणालात. त्यावरही वाद झाला. तो मिटेपर्यंत पाते सांडशीतच थंड झाले होते!

*

मालेगावचे युसुफभाई यंत्रमागांचे मालक. शिकारी सुऱ्या जमवून काचेच्या कपाटात मांडणे हा त्यांचा छंद. रोहिणीची सुरी त्यांना मनापासून आवडली.

"बेटी, काम उम्दा आहे. पण कपाटात ठेवायची, तर घराण्याचा ठसा पाहिजे."

तो ठसा, म्हणजे कडुनिंबाचे पान कोरलेला लोखंडी खिळा, अण्णांच्या ताब्यात. ठशाविना रोहिणी म्हणजे अण्णांच्या हाताखालची पोरगी, एवढीच तिची ओळख. तिने लाल पाते ऐरणीवर धरले. "अण्णा, ठसा मारा ना."

"अजून पानी दिलं नाय. पातं कसं निघंल, कुनाला ठावं? आधी कडक करून दाखव."

तिने कडक करून दाखवले. पात्याने बाभळीचे लाकूड तोडले, तरी धार तशीच. "आता मारा!"

अण्णा चहा पीत म्हणाले, "येडी का काय? कडक पात्यावर ठसा उठतो व्हय!"

सुरीमागून सुरी झाली. उत्तर दर वेळी हेच, कधी पहिले, कधी दुसरे!

*

मी जन्मभर भूमिती शिकवली. वाकडी रेघ मला सहन होत नाही. युसुफभाई नवी सुरी पाहायला आले, त्या दिवशी मी माझी पोलादी पट्टी पात्याच्या पाठीला लावली. मधोमध केसाएवढा उजेड दिसला.

"बाई, दहावीतही याच पट्टीने मारायचात," रोहिणी कुरकुरली.

"मारत नव्हते. आखायला शिकवत होते."

"छोडो बेटी, इतना चलता है," युसुफभाई म्हणाले.

"मला नाही चालत, चाचा." तिने पाते शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळले आणि एका घावात मोडले!

अण्णा उठले. त्यांनी तुकडा उचलून मोडलेली कड उजेडात धरली. आतला दाणा राखेसारखा बारीक होता, म्हणजे पाणी अचूक दिलेले. मग तो तुकडा त्यांनी जपून फळीवर ठेवला. मोडके पाते भंगारात गेले नाही, असे त्या भट्टीवर प्रथमच घडले.

*

पुढचे पाते तिने आणखी मन लावून घडवले. मी पट्टी लावली: उजेड नाही. युसुफभाई पुन्हा हजर होते. रोहिणीने पाते लालबुंद तापवले आणि ठशाचा विषयही न काढता तेलाकडे वळली.

"थांब!" अण्णा गरजले. "पानी नंतर. ठसा राह्यला न्हवं?"

"पण अण्णा, परीक्षा कुठे झालीय अजून?"

"पातं थंड करू नगंस. आन इकडं."

त्यांनी ठसा काढला आणि तिच्या हातात दिला. भट्टीवरची रीत अशी, की मालक जागा दाखवतो आणि हाताखालचा माणूस घण मारतो. रोहिणीच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात ठसा. ती घण मारणाऱ्याला शोधत इकडेतिकडे पाहू लागली.

अण्णांनी धोतर खोचले, घण उचलला आणि ऐरणीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"सांगा मालकीनबाई, कुठं मारू?"