न कापलेला अंक

आमची वाडी गिरीजला, पण हे घडलं नंदाखालला, माझ्या थोरल्या बहिणीच्या वाडीत. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत झाडांच्या रोगांवर काम करायचो. झाडाचा रोग म्हणजे काय एकाच शास्त्राची गोष्ट? त्यात बुरशी आली, माती आली, किडे आले, हवामान आलं. माझी बुरशी, बाकीचं ज्याचं त्याने बघावं, असा माझा तोरा.

परदेशातून बोटीने एक नियतकालिक यायचं. पानं कडेला जोडलेली, सुरीने कापल्याशिवाय वाचता येत नसत. मी बुरशीवरचे लेख तेवढे कापायचो, अंकावर पोचल्याची तारीख घालायचो आणि कपाटात टाकायचो. वेळ कुठे आहे, असं सांगायचो. खरं म्हणजे किड्यांमागे धावणाऱ्यांना मी हसायचो. काय मेला माज होता!

नवरा गेल्यावर आक्काने राजेळी केळी उन्हात सुकवून, त्यांची सुकेळी विकून घर चालवलं. केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू, म्हणजे मुनवा, तो आक्काच्या हातचा असला की लागणारच, असं गावोगावच्या बाया म्हणायच्या. मुनव्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि मागणारीला रिकामं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आक्काला त्याचा केवढा अभिमान!

एका रविवारी तिने मला वाडीत नेलं. चार केळींची पानं शेंड्याशी दाटली होती, अरुंद, ताठ. पोग्यात, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानात, माव्याचे बारीक किडे होते. आक्काच्या हातात कोयता.

"उपटून जाळते बघ. लक्षण बरं नाही ह्यांचं."

"जाळतेस काय? मुळाला बुरशी आहे. चुना घाल, सुधारतील."

"आणि हे किडे?"

"ते असतातच गं."

"मग मुनवे देऊ ना? दोघी-तिघी येऊन गेल्यात."

"खुशाल दे."

एवढा शिकलेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिने कोयता खाली ठेवला.

दीड वर्षात तिची वाडी बसली. मुनवे ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याही केळी गेल्या. बाया यायच्या बंद झाल्या. हिचा हात लागला की केळ मरते, असं विहिरीवर कुणीतरी तिच्या तोंडावर बोललं.

पुढे आमच्याकडे किड्यांचा अभ्यास करणारा एक जण नव्याने आला. त्याने जुना अंक मागितला आणि माझ्यासमोर पानं कापली. शेंडा असा दाटणारा रोग मावा झाडाझाडांवर नेतो, मुनव्यातूनही तो जातो, असं झाड दिसताच उपटून नष्ट करावं. सगळं त्यात होतं. वर माझ्याच अक्षरात तारीख होती, त्या रविवारच्या दोन महिने आधीची.

सगळं सांगून टाकायचं ठरवूनच नंदाखालला गेलो. माव्याचं सांगितलं. आक्का ओटीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे मी जाळायला निघाले होते ते बरोबर होतं?"

"हो."

"मग तू का रे अडवलंस?"

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आक्का," मी म्हणालो.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग तुझा काय दोष? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढे ती वारली तेव्हाही तिला हेच खरं वाटत होतं.