पक्षी उडाले नाहीत

सायमी कार्पिनेनने तौनो मोइलानेनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी. तसा तो बंदुका दुरुस्त करणारा म्हणून गावात तीस वर्षं होता, पण ओळखीच्या माणसाकडे कुणी पाहत नाही. त्या दिवशी तो भिंतीला पाठ लावून बसला होता. कुणीतरी नव्या पाद्रीबाबाच्या गाडीवरून काहीतरी म्हटलं, सगळे हसले, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर तौनो हसला. सायमीच्या मनात आलं, हा जरा मंद डोक्याचा दिसतो.

पुढे तो टेबलाशी यायचाच थांबला. पंपावरच्या मंडळींनी दोन दिवस चर्चा केली. एकाने विचारलं, "तौनो मुका झाला की श्रीमंत?" दुसरा म्हणाला, "फरक काय? बोलत तर दोघंही नाहीत." तेवढ्यावर विषय मिटला. या भागात माणूस महिनाभर बोलला नाही तरी कुणी चौकशी करत नाही. उलट एकदम बोलायला लागला तर मात्र विचारतात, बरं आहे ना?

सायमीचं त्याच्याकडे काम निघालं ते शरदात. तिच्याकडे चाळीस मेंढ्या, आणि बर्फ पक्कं व्हायच्या आत त्यांतल्या बारा कापायच्या. नवरा गेल्यापासून हे काम तीच करायची, सासऱ्यांच्या जुन्या बारीक नळीच्या रायफलीने. त्या रायफलीचा सायलेन्सर वेगळा काढून ठेवण्यातला नव्हता; नळीभोवतीच बसवलेला, नळीच्या अंगाचाच. गोठ्यामागे एक मेंढी पडली तरी कुंपणातल्या बाकीच्या चरत राहायच्या. पण अलीकडे रायफल भुंकायला लागली होती. सासऱ्यांनी ती कधी उघडली नव्हती, नवऱ्याने तर नाहीच. आत चाळीस वर्षांची काजळी आणि शिसं साचून दगड झालं होतं, आणि आटे गंजून एकजीव झाले होते. दुसरा कारागीर दीडशे किलोमीटरवर.

तौनोने रायफल हातात घेतली, टोकाशी नाक नेऊन वास घेतला आणि दोन आठवडे मागितले. दहा दिवस ती नळी तेलात पडून होती. जोर करायचा नाही, एवढंच तो म्हणाला; जोर केला की नळी पिळवटते. रोज सकाळी तो ती जराशी गरम करायचा, पाना लावायचा, हलली नाही की पुन्हा तेलात. अकराव्या दिवशी आटा सुटला. आतल्या आवाज अडवणाऱ्या चकत्या त्याने एकेक करून घासल्या, पुन्हा बसवल्या आणि रायफल सायमीच्या हातात दिली. "शांत आहे आता," तो म्हणाला. "तपासलीय."

शनिवारी सायमीने गोठ्यामागे पहिली गोळी झाडली, आणि आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावर आपटून परत आला. मेंढ्यांनी कुंपण पाडलं. तळ्यावर नुकतीच बर्फाची पातळ साय धरली होती. दोन मेंढ्या त्या बर्फातून खाली गेल्या.

तिने त्याच पावली गाडी काढली. तौनोच्या दुकानाचं दार उघडं होतं. तौनो पाठमोरा, वाईसशी वाकलेला. कोपऱ्यात शेगडीवर कॉफीचं भांडं उतू जाऊन फसफसत होतं, जळका वास सुटला होता. तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग म्हणाली, "अरे गाढवा, माझ्या दोन मेंढ्या बुडाल्या." तो कानस चालवत राहिला. सायमी दारातच उभी राहिली. तिला टेबलावरचं ते उशिराचं हसू आठवलं आणि तिचा राग जाऊन तिथे काहीतरी दुसरंच आलं, जे तिला रागापेक्षाही जड वाटलं. तिने पुढे जाऊन भांडं खाली उतरवलं. तेव्हा तो वळला आणि हसून म्हणाला, "झाली ना शांत?"

तिने सगळं त्याच्या समोर उभं राहून, सावकाश सांगितलं. तो तिच्या ओठांकडे पाहत होता. ऐकून तो खुर्चीवर बसला आणि त्याने खिडकीकडे बोट केलं. बाहेर फांदीला चरबीचा गोळा टांगलेला होता, त्यावर चार-पाच चिमुकले पक्षी टोचे मारत होते. सहा वर्षांपूर्वी कान गेले, त्याने सांगितलं. जिल्ह्याच्या इस्पितळाने दिलेलं यंत्र नुसता गलका वाढवायचं, शब्द देत नव्हतं. ते खणात पडलंय. तेव्हापासून तो वाळूच्या पिंपात गोळी झाडायचा आणि खिडकीतून पक्ष्यांकडे पाहायचा. उडाले तर आवाज मोठा. बसून राहिले तर काम झालं.

"तुझ्या रायफलीला एकही उडाला नाही," तो म्हणाला.

सायमीला मेंढ्या कळत होत्या, म्हणून तिला हेही कळलं. सहा वर्षं रोज बंदुकीचे आवाज ऐकलेले पक्षी ते. ते आता तोफेलाही उडाले नसते. तिने तसं म्हटल्यावर तौनोने मान हलवली, जणू ही गोष्ट त्याला आधीच सुचायला हवी होती.

मग त्याने विचारलं, "कुणाला सांगणार आहेस? बहिऱ्याकडे बंदूक कोण आणेल? आणि बंदूक आणली नाही, तर या दारात येणार तरी कोण?"

"सांगत फिरणार नाही," सायमी म्हणाली. "पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. दोन मेंढ्या गेल्यात माझ्या."

त्याला ते पटलं. त्याने रायफल पुन्हा उघडली. एका चकतीची कड गंजाने खाल्ली होती. नवी करून बसवायला दुपार गेली. मग तो पिंपात गोळी झाडायचा आणि सायमी हाताने आवाजाची उंची दाखवायची. पहिल्यांदा कमरेएवढी. पुन्हा खोलून घट्ट केल्यावर गुडघ्याएवढी. तिसऱ्यांदा तिने तळवा जमिनीला टेकवला.

"कसा येतोय?" त्याने विचारलं.

"दार लावल्यासारखा."

"कोठाराचं?"

"कपाटाचं."

तो थोडा वेळ रायफलीकडे पाहत राहिला. मग त्याने ती पुसली.

मोठ्या हरणांच्या शिकारीचे दिवस आठवड्यावर आले होते. शिकारी मंडळाची माणसं सायमीला विचारणारच होती, तौनोचं काम कसं झालं म्हणून. पण त्याआधीच सोमवारी त्याच्या दारावर कागद लागला: मला ऐकू येत नाही. बिघाड पाटीवर लिहा. सायलेन्सर घेत नाही. हे त्याने सायमीला त्या प्रश्नातून सोडवायला केलं की स्वतःला, ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्याची भीती खोटी ठरली. बंदुका येत राहिल्या. पण पूर्वी माणसं दुकानातल्या टेबलाला टेकून पाच मिनिटं उभी राहायची, हवेबद्दल, कुत्र्याबद्दल काहीबाही पुटपुटायची. तो मान डोलवायचा. आता ती लिहितात, बंदूक ठेवतात, टोपीला हात लावतात आणि जातात. सायमीने एकदा आग्रह करून त्याला पंपावर नेलं. सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलले, वेलदोड्याचा पाव त्याच्यापुढे सरकवला, आणि मग एकेक जण आपापल्या कपात पाहू लागला. पुन्हा तो गेला नाही.

तौनो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. दुकान मंगळवारी आणि शुक्रवारी उघडं असतं. गिऱ्हाईक पाटीवर बिघाड लिहितं, आणि तो त्याखाली बंदूक कधी न्यायची ती तारीख लिहितो.