बंदी उठली, होड्या किनाऱ्यालाच

सरकारी मासेमारी बंदी उठली त्या सकाळी भाईंदरजवळच्या एका कोळीवाड्यातून एकही होडी समुद्रात गेली नाही. नव्वदच्या दशकातलं, अधिक महिना आलेलं वर्ष होतं. ऑगस्टचा मध्य किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर बंदी असे. त्या वर्षी पौर्णिमा लांबली, तारीख आधी आली.

मी तेव्हा भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहायचो. बातमीसाठी उजाडताच बंदरावर गेलो. केबिन रोडवर आम्हाला मासे विकणाऱ्या मावशी तिथे भेटल्या. त्यांच्या नवऱ्याची होडी नवी होती. त्याला पक्कं गिऱ्हाईक हवं होतं. त्याने जाळं होडीवर चढवलं होतं.

मासळी कंपनीचा एजंट बर्फाचा ट्रक घेऊन उभा होता. “जो आज जाएगा, पूरे सीझन का माल उसी का लूँगा. भाव भी ऊपर का. अब तो सरकार ने भी छोड़ दिया, मौसी!”

“सरकारला इचारून पापलेट अंडी घालतंय काय रं?” मावशी म्हणाल्या. “पुनवेला दर्याला नारल दिल्याबिगर न्हाय.”

“तुजा धनी तर जालं चढवून बसलाय,” शेजारीण हसली.

“बसू दे. उतरवायचं बी त्यालाच हाय.”

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. मावशींच्या नवऱ्याला कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. भरती पूर्ण चढली. रांगेतल्या होड्या पाण्यावर डुलत होत्या आणि एकीचाही दोर सुटत नव्हता. त्याने त्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून जाळ्याचं टोक मावशींच्या हातात दिलं.

हुकुमाने थांबलेली आणि भावाने धावलेली माणसं मी बातमीदारीत पुष्कळ पाहिली होती. हुकूम उठलेला, भाव चढलेला आणि तरी अख्खं गाव जागेवर, हे पहिल्यांदाच पाहत होतो. जाळं पूर्ण उतरेपर्यंत मला तिथून हलवेना.

एजंट ट्रक घेऊन पुढच्या बंदराकडे गेला. त्या मोसमात त्याने या गावातून माल घेतला नाही.

पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला. त्यानंतर नवी होडी इतरांबरोबर बाहेर पडली. ती परतली त्या संध्याकाळी मावशी केबिन रोडवर नेहमीच्या जागी बसल्या होत्या. पाटीत पापलेटं होती.